एका हाताचा डाव

आत्यांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मी जालना म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. जालन्यात सगळेच राहतात, गाव कोणतं ते सांग, म्हणाल्या. मी मंठा म्हणालो. त्या दिवसापासून त्या खोलीत मी मंठा झालो आणि शेवटपर्यंत मंठाच राहिलो. फायलीतलं नाव फायलीला, असं त्यांचं म्हणणं होतं. समोरच्या खाटेवरचे निवृत्त एसटी ड्रायव्हर आष्टी होते. आत्या स्वतः टेंभुर्णीच्या. त्यांना मात्र सगळा दवाखाना आत्याच म्हणायचा, डॉक्टरसुद्धा.

ही खोली म्हणजे जालन्यातल्या एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला असलेला डायलिसिसचा वॉर्ड. आमच्या खोलीत चार खाटा होत्या आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी एक मशीन. माझ्या दोन्ही किडन्या बसल्या तेव्हा मी चाळिशीत होतो. बी-बियाण्यांच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचो, घरी बायको आणि दोन मुली. एक दिवसाआड सकाळी इथं यायचं, वजन करायचं, हातात दोन जाड सुया टोचून घ्यायच्या आणि दुपारपर्यंत पडून राहायचं. अंगातलं रक्त नळीतून मशिनीत जातं, धुऊन परत येतं. दुखत फारसं नाही. पण तो सुईचा हात हलवता येत नाही आणि छताकडे बघत पडलं की नको ते विचार येतात. पहिले काही दिवस मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढले. मग एके दिवशी शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

"मंठा, तुझा कोणता हात मोकळा हाय?"

मी डावखुरा. त्यामुळे सुया उजव्या हातात आणि डावा मोकळा. आत्यांचं उलटं, उजवा मोकळा. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पत्त्यांचा जोड काढला, अर्धा स्वतःच्या हातात ठेवला, अर्धा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या की आता आपण दोघं मिळून एक माणूस, पीस. दोन खाटांच्या मधल्या फटीत त्यांचा उजवा हात आणि माझा डावा, असे आम्ही पत्ते पिसायला लागलो. पहिल्यांदा निम्मे खाली पडले. सिस्टरनं उचलून दिले आणि रागावली. आत्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा अर्धा जोड माझ्या हातात ठेवला. आठवड्याभरात आमचे दोन परके हात एकाच माणसाचे असल्यासारखे चालायला लागले.

सदरा म्हणालो तो त्यांच्या मालकांचा. वारलेल्या नवऱ्याचा पांढरा, जुना, लांब बाह्यांचा सदरा त्या लुगड्यावर घालायच्या. कापूस वेचणाऱ्या बाया घालतात तसा. घरची जमीन बक्कळ होती, मोसंबीची बाग होती, मुलगा गाडीनं सोडायला तयार असायचा, पण त्या जाफ्राबादच्या एसटीनंच यायच्या आणि त्या सदऱ्यातच यायच्या. सुई टोचताना बाही वर सरकवायला सोपी जाते, एवढंच कारण सांगायच्या. मशिनीला त्या पाव्हणं म्हणायच्या. आल्या की तिला नमस्कार करायचा, जाताना 'येते' म्हणायचं. आपलं रक्त ज्याच्या हाती आहे त्याच्याशी नीट बोलावं, असं त्यांनी एकदा टेक्निशियनला गंभीरपणे समजावलं होतं. तो बिचारा तेव्हापासून मशिनीची नळी जरा हळूच जोडायचा.

रिपोर्ट त्यांनी कधीच बघितले नाहीत. नवीन डॉक्टर आला तेव्हा त्यानं कागद पुढे करून आकडे समजावून सांगायला सुरुवात केली. आत्यांनी कागद उलटा करून त्याच्या हातात परत दिला. काय आलं ते तुमच्यापाशी ठेवा, मी काय करायचं तेवढं बोला. मीठ कमी म्हटलं तर कमी करते, पाणी कमी म्हटलं तर कमी पिते. डॉक्टर आधी चिडला. नंतर त्याच्या ध्यानात आलं की पथ्य पाळणारं या खोलीत दुसरं कुणी नाही.

आमचा खेळ तीन पत्तीचा. रमीला तेरा पानं लागतात, ती एका हातात मावत नाहीत आणि लावता तर मुळीच येत नाहीत. तीन पानं मावतात. सुया टोचलेल्या माणसासाठी देवानं हाच खेळ केला, असं आत्या म्हणायच्या. जेवणाचं चाकांचं टेबल चार खाटांच्या मध्ये ओढून घ्यायचं. पैसे नाहीत. पैशाचं नाव काढलं तरी त्या पत्ते गोळा करायला लागायच्या. पैशांच्या जागी टोपणं. इंजेक्शनच्या छोट्या बाटल्यांना लाल, निळी, हिरवी प्लॅस्टिकची टोपणं असतात, ती सिस्टर धुऊन आम्हाला द्यायची.

शिकवायला त्यांना फार वेळ लागायचा नाही. पानं वाटायच्या आधी प्रत्येकानं एक टोपण मध्ये टाकायचं, ते बूट. बूट टाकल्याशिवाय पान मिळत नाही. मग एकेक करून तिघा-चौघांना तीन-तीन पानं, पालथी. आता आपल्यावर पाळी आली की दोन रस्ते. पानं बघायची नाहीत आणि एक टोपण टाकायचं, ते ब्लाइंड. किंवा पानं बघायची आणि मग दुप्पट टाकायचं, ती चाल. ज्यानं बघितलं त्याला जास्त भरावं लागतं, हे बराबरच आहे, आत्या म्हणायच्या, त्याला माहिती मिळाली ना. पानं पटली नाहीत तर पॅक. पानं खाली ठेवायची आणि गप बसायचं. शेवटी दोघं उरले की त्यातल्या एकानं शो मागायचा आणि दोघांनी पानं उघडायची. सगळ्यात मोठं म्हणजे एकसारखी तीन पानं, तीन राजे, तीन सत्त्या, काहीही. ती ट्रेल. त्याखाली एकाच रंगाची ओळीनं तीन, बदामची आठ-नऊ-दहा, ती पक्की रन. रंग वेगळे असले तर साधी रन. ओळ नाही पण रंग एक, तो कलर. मग जोडी. आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्यानं आपलं मोठं पान दाखवायचं आणि आशेवर राहायचं. एवढाच खेळ. ड्रायव्हरकाकांना आधी येत होता, मला एका सकाळीत आला.

एक नियम त्यांचा स्वतःचा होता. डाव चालू असताना ज्यानं आजाराचं नाव काढलं त्यानं दंडाचं एक टोपण मध्ये टाकायचं. क्रिएटिनिन म्हटलं की टोपण. तहान म्हटलं की टोपण. डायलिसिसवाल्याला पाणी मोजून प्यावं लागतं, त्यामुळे उन्हाळ्यात या नियमाचा फार जाच व्हायचा. ड्रायव्हरकाका एकदा रसवंतीची गोष्ट सांगायला लागले. उसाच्या रसापर्यंत यायच्या आत आत्यांनी त्यांच्यापुढची दोन टोपणं उचलून मध्ये ढकलली.

पण त्यांची खरी खासियत वेगळी होती. आत्या आपली पानं कधीच बघायच्या नाहीत. डाव सुरू झाल्यापासून शो होईपर्यंत ब्लाइंड. नुसतं न बघणं नाही. वाटलेली पानं त्या टेबलाच्या पार पलीकडच्या काठाला सरकवून ठेवायला लावायच्या, जिथं त्यांचा हात पोचणार नाही. आणि मोकळा हात सगळ्यांना दिसेल असा पोटावर ठेवायच्या. त्यामुळे त्या पुष्कळदा हरायच्या, कधी कधी मात्र असं काही निघायचं की ड्रायव्हरकाका हातातली पानं टेबलावर आपटायचे. मी एकदा म्हणालो, आत्या, एखाद्या वेळी बघा की, मजा येईल. तर त्या म्हणाल्या की पानं बघितली की माणसाचं तोंड बदलतं, आणि विषय संपवला.

चौथी खाट बरेच दिवस रिकामी होती. मग केदारखेड्याची एक मुलगी आली. पंचविशीची असेल. वडील मेंढरांमागे फिरलेले, आता थोडी शेती आणि दहा-बारा शेळ्या करून राहिलेले. दर खेपेला तिला घेऊन यायचे आणि बाहेर बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचे. लग्न होऊन वर्षभरात तिला हा आजार निघाला आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, हे आम्हाला सिस्टरकडून कळलं. ती कुणाशी बोलायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आत्यांनी तिला गाव विचारलं, तेवढं सांगितलं.

आत्यांनी तिची समजूत घातली नाही. आपल्याला तर वाटायचं की ही बाई आता काहीतरी चार शब्द बोलेल. पण त्यांनी फक्त तिच्याही पानांची वाटणी सुरू केली. तिच्या नावानं बूट स्वतः टाकायच्या, तिच्या बाजूला तीन पानं ठेवायच्या आणि तिची पाळी आली की विचारायच्या, केदारखेडा, काय करती? उत्तर नाही. मग आत्याच म्हणायच्या, पॅक. पुढचा डाव. असं किती दिवस चाललं कोण जाणे. सिस्टरला वाईट वाटायचं, राहू द्या ना आत्या तिला, म्हणायची. आत्या म्हणायच्या, मी कुठं काय करून राह्यले, पानं वाटून राह्यले.

एके दिवशी आत्यांनी तिच्या वतीनं पॅक म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली, "मी न्हाई म्हटलं पॅक."

ती वळली, पानं उचलून बघितली. हातात नुसती एक जोडी होती, दुर्रीची. तेवढ्यावर ती ड्रायव्हरकाकांशी शेवटपर्यंत भिडली आणि हरली. हरल्यावर तिनं विचारलं की आता कोण वाटणार. त्या दुपारी तिचे वडील तिला न्यायला आत आले तेव्हा ती टोपणं मोजून डबीत भरत होती. म्हातारा दारातच थांबला. त्यानं आम्हा कुणाला काही विचारलं नाही, पण पुढच्या खेपेला आमच्यासाठी शेळीच्या दुधाचा खवा घेऊन आला. तो आम्हा कुणालाच चालणारा नव्हता. आत्यांनी सिस्टरला खायला लावला.

पुढे ती पोरगी आमच्यात सगळ्यात धीट खेळायला लागली. तोंडानंही धीट झाली. तिनंच तो प्रश्न विचारला, जो मी आणि ड्रायव्हरकाका कधी विचारू शकलो नसतो.

"आत्या, तुम्ही पानं इतक्या लांब कामून ठेवता? आम्ही काय चोर वाटून राह्यलो का तुम्हाला?"

आत्यांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी बोलून झटकतील. पण त्या दिवशी त्यांचं बीपी उतरलेलं होतं, पाय उशीवर उंच केलेले होते, कदाचित त्यामुळे असेल. छताकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. मी ते त्यांच्या शब्दांत सांगू शकणार नाही, पण गोष्ट अशी होती.

त्या लग्न होऊन टेंभुर्णीला आल्या तेव्हा घरात त्यांच्याशी धड बोलणारं माणूस एकच होतं, धाकटा दीर. त्यांच्याच वयाचा. सासूबाई कडक, मालक अबोल. दीर मात्र विहिरीवर हंडा उचलून द्यायचा, बाजारातून आलं की गावातल्या गमती सांगायचा, माहेरचा निरोप आणायचा. वहिनी म्हणून हाक मारली की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं, आत्या म्हणाल्या. पहिल्या पोळ्याला बैलांची मिरवणूक झाल्यावर दुपारी ओसरीवर तीन पत्तीचा डाव बसला. सासऱ्यांना पैशाचा खेळ चालत नसे म्हणून चिंचोक्यांवर. दोघं भाऊ आणि गल्लीतली पाच-सहा माणसं. शेवटी दोघं भाऊच उरले. मालक ब्लाइंड खेळत होते. आत्या चहा घेऊन मागं उभ्या होत्या आणि त्यांनी बघितलं की मालकांनी धोतराच्या आडून पानांचा कोपरा उचलला, बघितलं आणि पुन्हा ठेवला. आणि ब्लाइंडचाच चिंचोका टाकला.

दीरालाही शंका आली. तो म्हणाला, दादा, तू पानं बघितली. मालक म्हणाले, न्हाई. माणसं हसायला लागली, हरून राह्यला म्हणून बोलतो, म्हणाली. तेव्हा दीर मागं वळला. त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं, वहिनी इथंच उभ्या आहेत, त्या खोटं बोलणार नाहीत. वहिनी, तुम्ही सांगा.

"मी न्हाई म्हणले," आत्या म्हणाल्या. "न्हाई बघितली, म्हणले. नवी नवरी होते. दुसरं काय म्हणणार होते?"

दीरानं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि उठून गेला. मालकांना बायकोनं वाचवलं म्हणून माणसं अजून हसली. पण ती गोष्ट हसण्यावर राहिली नाही. दीर घरात जेवेनासा झाला. भाऊ भावाला बोलेना. पुढच्या साली वाटण्या झाल्या, अंगणात मधोमध भिंत आली. मालक गेले तेव्हा दीरानं खांदा दिला, पण भिंतीच्या अलीकडे पाणी प्यायला नाही. आत्यांशी त्या पोळ्यानंतर तो एक शब्द बोललेला नव्हता. चिंचोक्यांचा डाव, आत्या म्हणाल्या. चिंचोक्यांचा.

मग ती पोरगी म्हणाली, "मंग आता सांगा ना त्यांना."

आत्या म्हणाल्या, गप बस. ती म्हणाली, ते जिते हायत ना? भिंतीपल्याड हायत ना? मला गप पडून राहू दिलं न्हाई तुम्ही, मंग तुम्ही कामून गप?

आत्यांनी पत्ते गोळा करून खिशात घातले आणि डोळे मिटून घेतले. पुढच्या खेपेला त्यांनी पत्ते काढले नाहीत. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. पाव्हण्याला नमस्कार करायच्या आणि आमच्याकडे पाठ करून पडायच्या. ड्रायव्हरकाका त्या पोरीवर रागावले, कशाला बोललीस म्हणून. ती रडली नाही. मी खरं बोलले, एवढंच म्हणाली. मला त्या दिवसांत पुन्हा घड्याळाकडे बघायची सवय लागली होती. मनात यायचं की तीन पानांचा खेळ गेला तर या खोलीत आपण नुसती आजारी माणसं उरतो.

एका दुपारी सुया काढून झाल्यावर, कापूस दाबून बसलो असताना आत्या म्हणाल्या, "मंठा, उद्या तुला सुट्टी हाय का? टेंभुर्णीला येतो का माझ्यासंगं?"

मी का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून दुपारची रजा घेतली आणि जाफ्राबादच्या गाडीत बसलो. आत्या टेंभुर्णीच्या स्टँडवर वाट बघत होत्या. घरात त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मुलगा बागेत असेल, सून स्वयंपाकात, म्हणाल्या. स्वतःच्या दारावरून त्या सरळ पुढे गेल्या आणि भिंतीच्या पलीकडच्या दारात उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, तू नुसता उभा राह्य. बोलू नको. कुणीतरी संगं पायजे म्हणून आणला.

दीर अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसले होते. पांढऱ्या मिशांचे, सडपातळ. आत्यांना दारात बघून त्यांचे हात थांबले. उठले नाहीत. आत्या आत गेल्या, त्यांच्यापासून हातभर अंतरावर खाली मातीतच बसल्या. पदर नीट केला. आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, त्या पोळ्याला ह्यांनी पानं बघितली होती. मी बघितलं होतं."

म्हाताऱ्यानं कानामागे हात नेला. ऐकू येत न्हाई, म्हणाले.

आत्यांनी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. मग आत्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले आणि असा आवाज काढला की मी तोवर त्यांचा तसा आवाज ऐकलेला नव्हता. तुमचा भाऊ खोटं बोलला. मी बी खोटं बोलले. तुम्ही खरे होतात. भिंतीच्या पलीकडे भांड्यांचा आवाज चालू होता, तो बंद झाला. गल्लीतून जाणारा एक माणूस सायकल धरून थांबला. आत्यांना ते सगळं कळत होतं. पण त्यांनी डोळे खाली केले नाहीत.

दीरांनी हातातलं नळीचं वेटोळं बाजूला ठेवलं. मग आत वळून त्यांनी नातीला चहा टाकायला सांगितलं. आत्या म्हणाल्या, मला अर्धाच कप. पाणी मोजून असतं. त्यांनी विचारलं, किती? आत्यांनी बोटांनी दाखवलं. चहा आला तेव्हा म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं त्यांच्या बशीत तेवढाच ओतला, त्या बोटांएवढा, आणि उरलेला स्वतःकडे ओढून घेतला. वहिनी असं काही ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले की दवाखान्याला एकट्या जाता का.

आत्यांना त्याची किंमत द्यावी लागली, हेही सांगायला पाहिजे. मेलेल्या बापाची गावात चर्चा केली म्हणून मुलगा त्यांच्याशी बोलेनासा झाला. जेवायला वाढायचा, औषधं आणून द्यायचा, पण बोलायचा नाही. आत्या आम्हाला म्हणाल्या, बराबर हाय त्याचं. त्याला बाप होता. त्याची बाजू त्या घ्यायच्या आणि डोळे पुसायच्या, दोन्ही एकाच हातानं. दोन-अडीच महिने गेले. मग एके दिवशी त्यानं आपणहून विचारलं की आज मशिनीवर त्रास झाला का. त्या दिवशी आत्यांनी आल्या आल्या आम्हाला ते सांगितलं आणि नियमाप्रमाणे स्वतःच एक टोपण मध्ये टाकलं, त्रास म्हटलं म्हणून.

कारण पत्ते पुन्हा सुरू झाले होते. आणि एसटीतून आता त्या एकट्या येत नव्हत्या. भाऊजी बरोबर असायचे. पेशंटशिवाय आत कुणाला बसू देत नसत, म्हणून ते बाहेर केदारखेड्याच्या म्हाताऱ्याशेजारी बाकावर बसायचे. दोघं जण जनावरांचं बोलायचे. आम्ही बाहेर पडलो की ते मला बाजूला घेऊन विचारायचे, आज कोण जिंकलं? आत्यांना कधी विचारत नसत. आत्या खेळताना पानं लांबच ठेवायच्या. ती सवय काही गेली नाही. पोरीनं एकदा विचारलं, आता तरी बघा की. तर म्हणाल्या, आता आवडून राह्यलं.

आत्या गेल्या तेव्हा मोसंबीच्या आंबे बहाराची फळं तोडून संपत आली होती. डायलिसिसचा दिवस नव्हता. पहाटे उठल्या, अंगण झाडलं, मला जरा बसू द्या म्हणाल्या आणि बसल्या त्या उठल्या नाहीत. हृदय थकलं होतं, डॉक्टर म्हणाला. रिपोर्टमध्ये ते बरेच दिवस दिसत होतं. त्यानं आत्यांना सांगायचा एकदा प्रयत्न केला होता आणि त्यांनी कागद उलटा केला होता. मुलानं मला फोन करून कळवलं. आईच्या फोनमध्ये मंठा नावानं नंबर आहे, तुम्हीच का, असं विचारलं.

आम्हा तिघांना मातीला जाता आलं नाही. माती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली आणि मशिनीचा दिवस चुकवता येत नाही.

दोन आठवड्यांनी आम्ही दुपारी बाहेर आलो, तर बाकावर भाऊजी बसलेले. धोतर, स्वच्छ सदरा, हातात छत्री. केदारखेड्याच्या वडिलांशी बोलत होते. मला वाटलं, काही कागदपत्रासाठी आले असतील. तसं काही नव्हतं. गाडीची वेळ झाली आणि पाय स्टँडकडे वळले, म्हणाले. आत त्यांच्या वहिनीच्या खाटेवर घनसावंगीचा कुणीतरी नवा पेशंट आला होता. ते त्यांना सांगावं की नाही, मला कळेना. पोरीनं काही विचार केला नाही. जोड आता तिच्याकडे असायचा. ती बाकाच्या टोकाला बसली, सुईच्या हाताला कापूस पट्टीनं बांधलेला, तिनं मोकळ्या हातानं टोपणांची डबी पुढे करून सगळ्यांना बूट टाकायला लावलं आणि मला म्हणाली, मंठा, पिसा. आम्ही दोघांनी पिसले. तिनं चौघांना पानं वाटली, ड्रायव्हरकाका, मी, ती आणि भाऊजी. त्यांनी पानं उचलली, डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितली, आणि चाल टाकली.

खेळता खेळता मी त्यांच्याशी नेहमीसारखं जरा मोठ्यानंच बोलत होतो, ऐकू यावं म्हणून. ते म्हणाले, एवढ्या जोरात कामून बोलता? मला ऐकू येतं.

मी म्हणालो, त्या दिवशी अंगणात तुम्ही आत्यांना तीनदा सांगायला लावलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं. त्यांच्या सुनेनं ऐकलं. तुम्हाला ऐकू आलं होतं तर एवढं कशाला?

पोरगी पानं हातात धरून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता. म्हाताऱ्यानं आपली पानं खाली ठेवली.

"पहिल्याच बारीला ऐकू आल्तं," ते म्हणाले. "पण वहिनी बोलून राह्यल्या होत्या माझ्याशी. एका बारीत कसं भागंल?"

मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि पोरीला विचारलं, आता पाळी कुणाची.